त्रेसष्ट नंबरची खोली

१

मला कशाचीही भीती वाटत नाही. चाळीस वर्षं विजेच्या तारांत हात घालून काढली, उणे अठरा अंशांत उकिडवा बसून जोडण्या केल्या, एकदा तर चालत्या पंख्यातून स्वतःची टोपी काढली. भीती कशाशी खातात ते मला ठाऊक नाही. पाल सोडून. आणि दातांचा डॉक्टर. आणि गेल्या गुरुवारी दुपारी तीन ते चार. एवढं वगळलं तर मी वाघ. आता वाघालाही गुडघेदुखी असणारच, म्हणून जिना चढताना कठडा धरतो, इतकंच.

वय चौऱ्याहत्तर, शाळा सातवीपर्यंत. सातवीत मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला आणि शिक्षणाची नि माझी कायमची फारकत झाली. पुढचं जे शिकलो ते तारेला धरून. एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये वायरमन लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. निवृत्त झालो म्हणजे पगार बंद झाला, येणं नाही. कारण नेटवर्क सांभाळायला माझ्या जागी माझीच सून आली. ती मला आबा म्हणते, आणि तिचं ऐकून फोरमनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे आबा म्हणतात. मी रोज दुपारी तिच्या कंट्रोल रूममध्ये खुर्ची टाकतो, चहा पितो आणि येईल त्याची फिरकी घेतो.

"आबा, घरी बसा की आता," ती म्हणते.

"घरी तुझी सासू आहे," मी म्हणतो.

इमारत लांबलचक. एकाच बोगद्यासारख्या व्हरांड्यावर एकसष्ट थंड खोल्या. बासष्ट नंबर यंत्रघराचा, जिथे कॉम्प्रेसर दिवसभर घोरतात. आणि त्रेसष्ट? त्रेसष्ट माझी. यंत्रघराच्या मागे थंड नळ्या न्यायला ठेवलेला एक अरुंद बोळ होता. त्याचं दार जाड, आपोआप मिटणारं, बाहेरून खटका आणि आतून काही म्हणजे काही नाही. मी पत्र्याच्या तुकड्यावर पांढऱ्या रंगाने '६३' लिहून त्या दारावर टांगलं. नवा माणूस आला की त्याला म्हणायचं, "जा रे, त्रेसष्टचं तापमान बघून ये." तो आत शिरला की खटका लावायचा. पाच मिनिटं मोजायची. मग सगळ्यांनी मिळून हसत हसत दार उघडायला जायचं. आतला माणूस नाक लाल करून बाहेर यायचा, शिव्या द्यायचा, मग स्वतःच हसायचा, आणि पुढच्या नव्या माणसाची आमच्यापेक्षा जास्त वाट बघायचा.

एकदाच गंमत थोडी फसली. मफलर घालून येणारा एक हमाल होता, चाळिशीचा, ठेकेदाराने कुठूनसा आणलेला. तिसराच दिवस त्याचा. नावही नीट कळलं नव्हतं, सगळे मफलरच म्हणायचे. त्याला आत घातलं, खटका लावला आणि तेवढ्यात कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला म्हणून मला हाक आली. दार उघडायला सांगून मी धावलो. संध्याकाळी बघतो तर खटका जागच्या जागी आणि मफलर कुठेच नाही. कोणीतरी उघडलं असणार आणि तो लाजून चालता झाला असणार. इतका लाजला की जेवणाचा डबासुद्धा न्यायला आला नाही! चांगला स्टीलचा डबा, झाकण घट्ट बसणारा. तो मी ठेवून घेतला. तारांच्या टोकाला लावायच्या पिना बारा वर्षं त्यातच असतात. डब्याची ही गोष्ट सूनबाईलाही ऐकून ऐकून पाठ झालीय.

२

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, मला समजलं म्हणजे दगडालाही समजेल.

प्रत्येक खोलीत तापमान सांगणारा एक सेन्सर आहे. त्याला पत्ता लागतो. पत्ता म्हणजे चार आकडे, मध्ये टिंबं. पूर्वी या पत्त्यांचे वर्ग असत. अ वर्गवाल्याला दीड कोटीच्या वर घरं, ब वर्गवाल्याला पासष्ट हजार, आणि आमच्यासारख्या क वर्गवाल्याला दोनशे चोपन्न. मधलं काही नाही. तुमच्याकडे तीनशे यंत्रं असतील तर घ्या पासष्ट हजारांची वसाहत आणि बसा रिकाम्या घरांत कबुतरं पाळत.

पत्त्यावर एक झाकण असतं. त्याला मास्क म्हणतात. पत्त्याचा जेवढा भाग झाकलेला, ती गल्ली. जेवढा उघडा, तो घर नंबर. माझ्या काळात पहिले तीन आकडे झाकायचे आणि चौथा उघडा ठेवायचा, संपलं. मी सोपी युक्ती केली होती. खोलीचा जो नंबर तोच चौथा आकडा. सतरा नंबरच्या खोलीचा पत्ता १९२.१६८.५.१७. बासष्टवर यंत्रघरातला राउटर, म्हणजे आपला दरवान. कोणतं पत्र कुठल्या तारेवर सोडायचं ते तो ठरवतो. खोल्या, ऑफिस, कॅमेरे, मी, सगळे एकाच मोठ्या दालनात. कोणीही कोणालाही हाक मारावी.

आणि मी मारत होतो. मॅनेजरसाहेबांच्या प्रिंटरमधून भर मीटिंगमध्ये माझ्या हातची चित्रं निघायची. एकदा नुसतं एक मोठं वांगं निघालं. साहेबांनी ते दोन्ही बाजूंनी तपासलं.

म्हणून सूनबाईने गेल्या रविवारी दालनात भिंती घातल्या. वर्ग वगैरे सगळं आता मोडीत निघालंय म्हणे, मास्क कुठेही कापता येतो. तिने मास्कच्या शेवटी १९२ असा आकडा टाकला आणि माझ्या एका गल्लीच्या चार गल्ल्या झाल्या, तिच्या भाषेत सबनेट, चौसष्ट-चौसष्ट नंबरांच्या. पहिली खोल्यांची, दुसरी ऑफिसची, तिसरी कॅमेऱ्यांची.

"आणि चौथी?" मी विचारलं.

"चौथीत तुम्ही एकटे. तिथून प्रिंटरला वाट नाही. रंगवा हवी तेवढी वांगी."

"सासऱ्याला वाळीत टाकतेस?"

"वाळीत नाही हो, सबनेटमध्ये."

मग तिने नियम सांगितला, तो लक्षात ठेवा. प्रत्येक गल्लीतला पहिला नंबर आणि शेवटचा नंबर कोणालाच द्यायचा नसतो. पहिला हे त्या गल्लीचंच नाव. शेवटचा म्हणजे कर्णा. त्या नंबरावर हाक मारली की गल्लीतल्या सगळ्या घरांना ऐकू जाते. खोल्यांच्या गल्लीत पहिला शून्य. आणि शेवटचा त्रेसष्ट.

"म्हणजे त्रेसष्टवर कोणी राहूच शकत नाही," ती म्हणाली.

"तिथे कोणी राहत नव्हतंच," मी म्हणालो. "ती माझी थाप होती."

३

सोमवारी कंट्रोल रूममध्ये शिरलो तर मोठ्या स्क्रीनवर रोजच्या ओळी. खोली एक, उणे अठरा पूर्णांक दोन. खोली दोन, उणे सतरा पूर्णांक नऊ. हे आकडे स्थिर नसतात. दार उघडतं, माणूस शिरतो, पंखा थांबतो, त्यामुळे एखादा दशांश इकडे, एखादा तिकडे. नुसतं बघत बसलं तरी वाटतं की खोल्या श्वास घेताहेत.

एकसष्टच्या खाली आणखी एक ओळ होती. त्रेसष्ट. उणे अठरा पूर्णांक शून्य.

मी चहा खाली ठेवला. मग उचलला. म्हटलं, वा सूनबाई! सासऱ्याची गंमत सासऱ्यावरच! मी काही बोललो नाही. फिरकी घेणाऱ्याने दुसऱ्याच्या फिरकीला दाद द्यायची नसते, तो अशक्तपणा दिसतो.

मंगळवारी ओळ होतीच. बुधवारी सूनबाई माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आबा, पुरे आता. काढा ती ओळ."

"मी? तूच टाकलीस ना?"

"मला कामं नाहीत? आणि मी टाकूच शकत नाही. तो नंबर सेन्सरला द्यायला गेलं तर यंत्रच नको म्हणतं. कर्ण्याच्या नंबरावर घर बांधता येत नाही. तुम्ही कसं केलंत तेवढं सांगा, मी रागावणार नाही."

"देवाशप्पथ मी नाही."

"तुमची देवाशप्पथ मला माहितीय. मागच्या वेळी मिठाच्या डब्यात साखर भरलीत तेव्हाही तीच होती."

तिचं बरोबर होतं. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. साठ मिनिटं बघितलं. एकसष्ट खोल्या श्वास घेत होत्या. त्रेसष्टचा आकडा हलला नाही. उणे अठरा पूर्णांक शून्य. दर दहा सेकंदांनी ओळ क्षणभर उजळायची, म्हणजे नवीन उत्तर आलं. उत्तर येत होतं, आणि दर वेळी तेच होतं.

मी मनाला म्हटलं, सेन्सर बिघडला की आकडा असाच अडकतो. मन म्हणालं, कुठला सेन्सर? मी मनाला म्हटलं, तू सातवी नापास, तू गप्प बस.

४

गुरुवारी तपासनीस आला. ज्यांचा माल आमच्याकडे राहतो त्या कंपनीचा माणूस, पन्नाशीचा, कपड्यांना अशी घडी की बसताना मोडेल म्हणून उभाच राहायचा. मी त्याचं नाव मनातल्या मनात इस्त्री ठेवलं. मनातलं नाव तासाभरात सगळ्या इमारतीत पोचलं, कसं ते मला विचारू नका.

इस्त्रीने एकसष्ट खोल्या तपासल्या. फोरमनने दिलेलं जाडं जॅकेट घालून गेला आणि तीन वाजता कंट्रोल रूममध्ये येऊन ते खुर्चीच्या पाठीवर अडकवलं. सूनबाई जेवायला गेली होती. आत मी एकटाच.

"सगळ्या खोल्या दाखवल्यात ना?" त्याने विचारलं. हातात पाटी, पाटीवर कागद, कागदावर चौकोन.

आता सांगा, असा चेंडू कोणी सोडून देतो का? तोही नुसत्या शर्टात उभ्या असलेल्या माणसाने टाकलेला?

"त्रेसष्ट सोडून," मी हळू आवाजात म्हणालो.

"त्रेसष्ट? यादीत एकसष्टच आहेत."

"म्हणून तर. ती कोणाला दाखवत नाहीत. यंत्रघराच्या मागे आहे. पण मी सांगितलं म्हणू नका हं, म्हातारा माणूस आहे, खुर्ची जाईल."

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. खाली ओळ होती. त्रेसष्ट. त्याचे ओठ पातळ झाले. जॅकेट तिथेच सोडून तो तरातरा निघाला.

मी टेबलाखाली वाकून हसलो. मला माहीत होतं काय होणार. बोळाच्या दारावर बारा वर्षांपूर्वीच पत्रा ठोकलाय. त्या बाजूला नाहीतरी कोणी जात नव्हतं, कंपनीने बंद करून टाकलं. इस्त्री जाणार, ठोकलेला पत्रा बघणार, त्यावर माझी '६३'ची पाटी बघणार, आणि तोंड पाडून परत येणार. दोन मिनिटं जायला, दोन यायला.

मी चहा संपवला. पिनांच्या डब्याचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. सव्वातीन झाले. म्हटलं, फोरमनशी भांडत असेल.

५

सूनबाई जेवून आली, रुमालाने हात पुसत. स्क्रीनकडे बघून थांबली.

"आबा, हे काय केलंत आता?"

खालची ओळ आता एक नव्हती. त्रेसष्ट दोनदा होतं. एकाखाली एक. वरच्यात उणे अठरा पूर्णांक शून्य. खालच्यात छत्तीस पूर्णांक एक.

"एका पत्त्यावरून दोन उत्तरं येताहेत," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती. "एकाच घरात दोघं राहत असल्यासारखी."

ओळ उजळली. उणे अठरा पूर्णांक शून्य. छत्तीस पूर्णांक शून्य.

"हे वरचं नेहमीचं," मी म्हणालो. "पण छत्तीस? आपल्याकडे छत्तीस अंश कुठे असतात?"

"कुठेच नाही. यंत्रघरातसुद्धा नाही." ती बोलता बोलता थांबली. मग स्वतःचा हात स्वतःच्या कपाळावर ठेवला, ताप बघतात तसा, आणि माझ्याकडे पाहिलं.

पस्तीस पूर्णांक आठ.

"तपासनीस कुठायत?" तिने विचारलं.

खुर्चीच्या पाठीवर जाडं जॅकेट लटकत होतं.

"मी त्यांना त्रेसष्टला पाठवलं," मी म्हणालो. "पण तिथे पत्रा आहे. पत्रा ठोकलाय."

"पत्रा मी शनिवारी काढायला लावला," सूनबाई म्हणाली. "नव्या तारा न्यायच्या होत्या तिकडून."

मी आयुष्यात इतक्या लोकांचे चेहरे पांढरे केलेत. माझा कसा दिसतो ते मला कधी कळलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"थांबा, आधी बघू दे. नाहीतर भलतीकडेच धावायचो." तिची बोटं धावू लागली. तिने दरवानाची यादी उघडली, कोणतं पत्र कोणत्या तारेने पाठवायचं ती. दरवानाचा एकच कायदा असतो, जो पत्ता जास्त नेमका तो जिंकतो. अख्ख्या गल्लीसाठी एक ओळ असेल आणि एखाद्याच घरासाठी वेगळी ओळ असेल, तर तो घरवाली ओळ पाळतो. यादीत गल्ल्यांच्या चार ओळी होत्या. आणि सगळ्यांत वर एक पाचवी. एकट्या त्रेसष्टची. पत्ता पूर्ण झाकलेला, मास्कचे चारही आकडे २५५, म्हणजे गल्ली नाहीच, फक्त एक घर.

"ही मी लिहिलेली नाही," ती म्हणाली. "सात नंबरच्या तारेवरून येतंय. सात नंबर कुठे जाते, आबा?"

सात नंबरची तार मी टाकली होती, आणि मीच कापली होती. तिचं टोक चिकटपट्टी गुंडाळून मी बोळातल्या खिळ्याला टांगून ठेवलं होतं. त्या टोकाला काहीही जोडलेलं नाही.

"बोळात," मी म्हणालो.

पस्तीस पूर्णांक पाच.

६

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी धावलो. गुडघ्यांनी काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

व्हरांड्यात फोरमन भेटला. "पहार आण," मी ओरडलो. "इस्त्री त्रेसष्टमध्ये अडकलाय!"

फोरमन हसला. त्याच्यामागचे दोघे हमाल हसले. "आबा, आज तालीम झक्कास. धापसुद्धा खरी वाटतेय."

"अरे खरंच अडकलाय!"

"आणि मागच्या महिन्यात सत्तेचाळीसमध्ये अस्वल शिरलं होतं, तेही खरंच ना?"

मी त्याचा हात धरला. तरी तो हसतच होता. हसायची सवय मीच त्यांना लावली होती. इतक्या वर्षांत मी या व्हरांड्यात एकही गोष्ट सरळ सांगितली नव्हती, आणि आता एक सरळ सांगायची होती तर तिला घ्यायला कोणी तयार नव्हतं.

तेवढ्यात मागून सूनबाई आली. ती त्या इमारतीत कधी मोठ्याने बोललेली नाही. "पहार!" एवढंच ती ओरडली, आणि तो एकच शब्द एकसष्ट दारांवर आपटून परत आला. फोरमनचं हसू उतरलं.

यंत्रघर ओलांडताना कॉम्प्रेसर घोरत होते. मागच्या बाजूला अर्धवट उजेड, जमिनीवर काढलेला पत्रा, बाजूला उलटी पडलेली माझी '६३'ची पाटी. दार मिटलेलं. खटका पडलेला. दार मिटताना तो आपोआप पडला असेल. माझ्या काळात तो हाताने लावावा लागायचा, पण लोखंड आहे, जुनं झालं की कसंही वागतं.

खटक्यावर बर्फ चढला होता. फोरमनने पहार मारली. एकदा, दोनदा. मधल्या क्षणी मी दाराला कान लावला. आत कोणीतरी हळू आवाजात बोलत होतं. न थांबता, समजूत घालावी तसं. आवाज इस्त्रीचा नव्हता. इस्त्रीचा आवाज कडक. हा साधा होता, जरा गावाकडचा. शब्द कळत नव्हते. मी मनाला म्हटलं, नळ्यांतून पाणी गेलं की असाच आवाज येतो.

तिसऱ्या फटक्याला खटका सुटला.

७

आतून गारठा असा बाहेर आला की सगळे एक पाऊल मागे सरले. बॅटरीच्या उजेडात सगळं पांढरं. नळ्या, भिंती, जमीन, खिळ्याला टांगलेलं माझ्या तारेचं गुंडाळलेलं टोक, सगळ्यावर बोटभर जाड हिम. आणि दाराच्या आत तीन पावलांवर इस्त्री, भिंतीला टेकून, गुडघे छातीशी घेऊन बसलेला. कागदांची पाटी मांडीवर. डोळे उघडे. ओठ निळे, पण हलत होते.

फोरमन आणि हमालांनी त्याला उचललं. उचलल्यावर तो बसला होता तिथली जमीन उघडी दिसली. बसलेल्या माणसाएवढी जागा, हिम नसलेली, काळी. मागच्या भिंतीवर पाठीएवढा काळा डाग.

त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतक्या अंतरावर, आणखी एक तशीच जागा होती. तेवढीच. काळी. भिंतीवरही पाठीएवढा डाग, जरा उंच.

बाकीचे इस्त्रीला घेऊन वळले होते. ते मी पाहिलं, आणि सूनबाईने पाहिलं. बॅटरी माझ्याच हातात होती. बोळ पुढे जाऊन नळ्यांच्या मागे डावीकडे वळतो. उजेड त्या वळणापर्यंत पोचत नव्हता. मी तो पोचवलाही नाही.

"दार लावा," मी म्हणालो. "पत्रा ठोका परत. आत्ताच."

८

आणि मग काय सांगू महाराजा, सुटलो!

कंट्रोल रूममध्ये तीन घोंगड्या, दोन जॅकेटं आणि गरम पाण्याच्या पिशव्यांच्या ढिगातून इस्त्रीचं फक्त नाक दिसत होतं. डॉक्टरने येऊन तापमान घेतलं. पस्तीस पूर्णांक एक. "वाचलात," डॉक्टर म्हणाला, "आणखी तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं." मी स्क्रीनकडे पाहिलं. दार उघडलं त्या क्षणी खालची ओळ थांबली होती. थांबलेला आकडा पस्तीस पूर्णांक एक. मी लगेच नजर फिरवली आणि इस्त्रीच्या घोंगडीवर आणखी एक घोंगडी टाकली.

पाच वाजेपर्यंत तो बोलायला लागला. सहाला चहाचा तिसरा कप मागितला. मी त्याच्यासमोर कान धरून उभा राहिलो. खरे कान, दोन्ही. म्हटलं, साहेब, चूक माझी, तक्रार करा, पोलीस बोलवा, मला त्या बोळात कोंडा, काही करा. मग त्याच्या घडीदार चेहऱ्यावर एक सुरकुती पडली आणि तो चक्क हसला. फोरमन हसला, हमाल हसले, डॉक्टर कशाला ते न कळता हसला. मी इतका हसलो की रडलो, किंवा उलटं. चाळीस वर्षांत मी असंख्य माणसांना हसवलं असेल, पण कोणाच्या हसण्याने मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"पण आजोबा, तुमचे आभार मानायला हवेत," इस्त्री म्हणाला. "तुम्ही बाहेरून बोलत राहिलात म्हणून मी जागा राहिलो."

"मी?"

"सारखं सांगत होतात ना. 'झोपू नका. आता हसत हसत येतील दार उघडायला. येतातच.' आवाज अगदी कानाशी आल्यासारखा वाटत होता."

मी सूनबाईकडे पाहिलं नाही.

"हो," मी म्हणालो. "मीच बोलत होतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी कोणालाही न हसवणारी थाप मारली, आणि ती कोणाला कळली नाही.

सात वाजता सगळे गेले. इस्त्री स्वतःच्या पायांनी चालत गेला, शर्ट चुरगळलेला, पण माणूस म्हणून पहिल्यापेक्षा बरा दिसत होता. जाताना माझा हात दाबून म्हणाला की पुन्हा येईन, पण एकसष्टपर्यंतच. मी दारात उभं राहून त्याला हात हलवला. छाती अशी मोकळी झाली होती की घरी जाऊन बायकोशी भांडायलाही उत्साह वाटत होता.

सूनबाई अजून खुर्चीत होती. स्क्रीनवर एकसष्ट खोल्या श्वास घेत होत्या. खाली एकच ओळ. त्रेसष्ट. उणे अठरा पूर्णांक शून्य. दर दहा सेकंदांनी उजळत.

"चल घरी," मी म्हणालो. "झालं गेलं. माणूस वाचला ना? आणि खरं सांगू, एवढ्या वर्षांत मी किती जणांना आत घातलं, पण एकालाही कधी आत विसरलो नाही. आजचाही निघालाच बाहेर."

तिने टेबलावरचा स्टीलचा डबा पुढे ओढला, त्यातल्या पिना हळूच टेबलावर ओतल्या, आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला.

"मफलरचं दार उघडायला तुम्ही कोणाला सांगितलं होतंत, आबा? नाव सांगा."